दमा आहे म्हणून पळणं सोडायचं का? १६०० मीटर, कबड्डी, पोहणं, प्राणायाम: कोणत्या व्यायामात श्वासाचं काय होतं?

पोलीस भरतीची चर्चा सुरू झाली की बुलढाणा जिल्ह्यातली मैदानं पहाटे पाचलाच जागी होतात. चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर, कुठंही जा. मैदान नसेल तिथं डांबरी रस्ताच मैदान होतो. मोबाईलवर स्टॉपवॉच लावायचं आणि पळायचं. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. राज्य राखीव पोलीस दलात जायचं असेल तर थेट ५ किलोमीटर.

या गर्दीत एखादा पोरगा किंवा पोरगी अशी असते, जिला पळताना फारसं काही होत नाही. पण पळून थांबलं की पाच-सात मिनिटांत खोकला सुरू होतो. छाती आवळल्यासारखी वाटते. श्वास सोडताना बारीक शिट्टी वाजते. अर्ध्या-पाऊण तासानं सगळं आपोआप ठीक होतं.

मित्र म्हणतात, "स्टॅमिना कमी आहे तुझा, अजून पळ." घरचे म्हणतात, "दमा आहे तुला, पळणंच सोड."

दोन्ही सल्ले काळजीपोटीच दिलेले असतात, पण दोन्ही चुकू शकतात. दमा असलेल्याला सगळे व्यायाम सारखेच त्रास देत नाहीत. एकच माणूस कबड्डी आरामात खेळतो आणि १६०० मीटरला अडकतो. असं का होतं, ते समजून घेऊ.

व्यायामानं छाती आवळते म्हणजे नेमकं काय होतं?

आपण शांत बसलेलो असतो तेव्हा मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत-बाहेर होते. तीसुद्धा नाकातून. नाक या हवेला गरम करतं, ओलसर करतं, धूळ गाळतं आणि मग फुफ्फुसाकडे पाठवतं.

जोरात पळायला लागलो की हाच आकडा मिनिटाला १०० लिटरच्या आसपास किंवा त्याच्याही वर जाऊ शकतो. एवढी हवा नाकाला पुरवता येत नाही, म्हणून आपण तोंडानं श्वास घ्यायला लागतो. आता कोरडी, थंड हवा थेट श्वासनलिकांमध्ये जाते. तिला ओलसर करण्याचं काम नलिकांच्या आतल्या अस्तरावर पडतं आणि तिथलं पाणी उडून जायला लागतं.

पाणी कमी झालं की तिथल्या पातळ थरातलं क्षारांचं प्रमाण वाढतं. त्यानं अस्तरातल्या काही पेशी चिडतात आणि हिस्टामिन, ल्युकोट्राइन अशी रसायनं सोडतात. या रसायनांमुळे नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात. वाट अरुंद झाली की शिट्टी वाजते, खोकला येतो.

दमा असलेल्यांच्या नलिकांना आतून आधीच सूज असते, म्हणून त्यांच्यात हे सगळं जास्त जोरात घडतं. त्रास बहुतेकदा व्यायाम थांबल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत सर्वात जास्त होतो आणि तासाभरात ओसरतो.

यातून एक गोष्ट लक्षात येते. त्रास हात-पाय हलवण्यानं होत नाही, तो हवेमुळे होतो. याचा पुरावा डॉक्टरांच्या एका तपासणीतच आहे. त्या तपासणीत माणसाला पळवत नाहीत. खुर्चीत बसवतात आणि सहा मिनिटं खास कोरडी हवा जोरजोरात श्वासातून घ्यायला लावतात. एवढ्यानंही नलिका आवळल्या जातात.

म्हणून कोणताही व्यायाम पाहताना तीन प्रश्न विचारायचे. मिनिटाला किती हवा लागते? न थांबता किती वेळ लागते? आणि ती हवा कशी आहे?

मग १६०० मीटरच का नडतं?

व्यायामानं होणारा त्रास ओळखायची दुसरी तपासणी ट्रेडमिलवर किंवा सायकलवर होते. माणसाला सहा ते आठ मिनिटं असं पळवतात की हृदयाचे ठोके त्याच्या कमाल मर्यादेच्या ८० ते ९० टक्क्यांपर्यंत जावेत. हवा कोरडी ठेवतात. नंतर अर्धा तास थोड्या-थोड्या वेळानं नळीत फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा आधीपेक्षा १० टक्के किंवा त्याहून जास्त घटली, तर व्यायामानं नलिका आवळतात असं निदान होतं.

आता १६०० मीटरचा विचार करा. तयारीतल्या उमेदवाराला पाच ते सात मिनिटं लागतात. पूर्ण ताकदीनं पळायचं असतं. हिवाळ्यातली पहाटेची थंड, कोरडी हवा असते. म्हणजे दवाखान्यात दमा उघड करण्यासाठी जे मुद्दाम घडवून आणतात, जवळपास तेच तुम्ही मैदानावर रोज करता.

याउलट १०० मीटर पंधरा-सोळा सेकंदांत संपतं. गोळाफेक तर काही क्षणांची. तेवढ्या वेळात अस्तर कोरडं पडायला वावच मिळत नाही. म्हणून त्याच मुलाला तिथं काही होत नाही आणि बघणाऱ्याला वाटतं, हा लांब पळायचा आळस करतोय.

कोणत्या व्यायामात काय होतं?

सलग धावणं, वेगात सायकल चालवणं. त्रास होण्याची शक्यता इथं सर्वात जास्त. फुटबॉल, हॉकीसारखे सतत पळायला लावणारे खेळही याच गटात. पण याचा अर्थ ‘करू नका’ असा नाही. ‘तयारीनं करा’ असा आहे. ती तयारी काय, ते पुढे आहेच.

थांबून-थांबून खेळायचे खेळ. कबड्डीतली एक चढाई ३० सेकंदांची. व्हॉलीबॉलमध्ये एका गुणासाठी काही सेकंद धावपळ, मग उसंत. क्रिकेटमध्ये तर उसंतच जास्त. मधल्या विश्रांतीत श्वासनलिका सावरतात, म्हणून हे खेळ सहसा झेपतात. कुस्तीत जोर लागतो तो टप्प्याटप्प्यानं, पण आखाड्यातली माती उडत असेल तर तिचा त्रास वेगळा.

जिम, वजनं, जोर-बैठका. एक सेट अर्ध्या-पाऊण मिनिटाचा, मग विश्रांती. हवेची गरज धावण्याइतकी वाढत नाही. फक्त वजन उचलताना श्वास कोंडून ठेवू नका. उचलताना सोडा, खाली ठेवताना घ्या.

चालणं. सर्वात सोपा आणि सर्वात सोसणारा प्रकार. आषाढीची वारी करून गजानन महाराजांची पालखी परत येते, तेव्हा खामगाव ते शेगाव हे अंतर असंख्य भाविक पायी चालतात. त्यात दमा असलेलेही असतात. बोलता-बोलता चालता येईल एवढा वेग ठेवला, तर हवेची गरज नाकाच्या आवाक्यात राहते. बरेच दिवस व्यायाम सुटलेल्यांनी सुरुवात इथूनच करावी.

पोहणं. पाण्याच्या पृष्ठभागालगतची हवा ओलसर असते, त्यामुळे अस्तर कमी सुकतं. कॉक्रन ही संस्था जगभरातल्या अभ्यासांची एकत्र छाननी करते. दमा असलेल्या मुलांच्या पोहण्यावर २०१३ साली आलेल्या त्यांच्या आढाव्यात दिसलं की पोहणं मुलांना झेपतं आणि त्यानं फिटनेस वाढतो. बंद जागेतल्या तलावात क्लोरीनचा वास डोळ्यांना झोंबत असेल, तर मात्र तीच हवा छातीलाही झोंबते. आणि आपल्याकडे बरेच जण विहिरीत पोहतात. दमा असेल तर तिथं एकट्यानं कधीच उतरू नका.

योगासनं आणि प्राणायाम. यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, ‘प्राणायामानं दमा मुळापासून जातो.’ दुसरं म्हणतं, ‘काही होत नाही त्यानं.’ पुरावा या दोन्हींच्या मध्ये आहे.

योगाचा विज्ञानाच्या पद्धतीनं अभ्यास करायची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम उभं केलं, ते याच कामासाठी. पुढे १९९० साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा प्रयोग छापून आला. सौम्य दमा असलेल्या १८ जणांना एका साध्या उपकरणातून श्वास घ्यायला लावला. श्वास घ्यायला जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट वेळ सोडायला. काही दिवसांच्या सरावानंतर त्यांच्या श्वासनलिका थोड्या कमी चिडखोर झाल्या.

२०१६ च्या कॉक्रन आढाव्यात १५ अभ्यास आणि १०४८ रुग्ण होते. निष्कर्ष असा की योगानं रोजचं जगणं आणि लक्षणं यात बहुधा थोडी सुधारणा होते. ‘थोडी’ हा शब्द लक्षात ठेवा. म्हणजे योग औषधाच्या जोडीला चांगला, औषधाच्या जागी नाही.

आणखी एक काळजी. कपालभाती आणि भस्त्रिकेत श्वास वेगानं चालवला जातो. वर सांगितलेली खुर्चीतली तपासणी आठवा. छातीत घरघर चालू असताना हे प्रकार करू नका. त्या वेळी सावकाश, लांब श्वास सोडणंच बरं.

धावणं चांगलं की प्राणायाम?

ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या संशोधकांनी हाच प्रश्न घेतला. दमा असलेल्या ५४ जणांचे दोन गट केले. एका गटाला तीन महिने ट्रेडमिलवर चालण्या-पळण्याचा व्यायाम, दुसऱ्याला श्वासाचे व्यायाम. २०२० साली निकाल छापून आला. दोन्ही गटांचा दमा आधीपेक्षा आटोक्यात आला. पण ठळक सुधारणा झालेले लोक ट्रेडमिलच्या गटात जास्त होते.

कॉक्रनचाच २०१३ चा आणखी एक आढावा आहे. २१ अभ्यास, ७७२ रुग्ण. त्यात दिसलं की व्यायामानं शरीराची प्राणवायू वापरायची ताकद वाढते आणि दमा बिघडत नाही. फुफ्फुसाची मूळ क्षमता त्यानं फारशी बदलत नाही.

मग फायदा कसा होतो? शरीर तयार झालं की तेच काम कमी श्वासात होतं. आज जिना चढायला जेवढी धाप लागते, तेवढी तीन महिन्यांनी लागत नाही. हवा कमी लागली की अस्तर कमी सुकतं. जो व्यायाम सुरुवातीला त्रास देतो, तोच नियमित केला की त्रासाची वेळ पुढे ढकलतो. म्हणून दमा असलेल्या मुलाला कायमचं बाकावर बसवून ठेवणं हे सर्वात महागात पडतं. त्याचा फिटनेस घसरतो आणि मग थोडं चाललं तरी धाप लागते.

कुठं आणि कधी पळताय, तेही बघा

बुलढाण्यात घाटावर आणि घाटाखाली असे दोन वेगळे प्रदेश आहेत. घाटावर हिवाळ्याची पहाट चांगलीच गार. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात उन्हाळा भाजून काढतो. दमा असलेल्याला हिवाळ्यात पहाटे पाचऐवजी ऊन पडल्यावर पळणं सोसतं. ते जमत नसेल तर नाका-तोंडावर रुमाल किंवा मफलर बांधा. सोडलेल्या श्वासाची ऊब आणि ओल त्यात अडकते आणि पुढच्या श्वासाला मिळते. रस्त्याकडेला शेकोट्या पेटल्या असतील तर रस्ता बदला.

दुसरी गोष्ट धुळीची. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मळणी यंत्र चालू असलेल्या शेताच्या कडेनं पळू नका. सोयाबीनच्या धुळीची ताकद स्पेनमधल्या बार्सिलोना शहरानं पाहिली आहे. १९८० च्या दशकात तिथं ठराविक दिवशीच दम्याचे रुग्ण दवाखान्यात अचानक गर्दी करायचे. शोध घेतल्यावर कळलं की त्या दिवशी बंदरात सोयाबीन उतरवलं जायचं आणि सायलोतून त्याच्या टरफलांची धूळ शहरभर पसरायची. सायलोला फिल्टर बसवल्यावर या साथी थांबल्या. आपल्याकडे कापसाच्या जिनिंगजवळची हवा आणि गाजरगवत फुललेली माळरानं यांनाही हाच नियम लावा.

तिसरी गोष्ट रहदारीची. लंडनमध्ये दमा असलेल्या ६० जणांना एकदा डिझेल बसनं भरलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आणि एकदा हाइड पार्क या बागेत दोन-दोन तास चालायला लावलं. दोन्ही वेळा चाल सारखीच, पण रस्त्यावर चालल्यावर फुफ्फुसाची क्षमता जास्त घटली. हा अभ्यास २००७ चा. तुमच्यासाठी त्याचा अर्थ एवढाच: ट्रक धावणाऱ्या हायवेपेक्षा शाळेचं मैदान बरं.

मग करायचं काय?

१. आधी तपासणी. पळाल्यावर धाप सगळ्यांनाच लागते. दम लागणं वेगळं, दमा वेगळा. श्वास आत घेताना घशात आवाज येत असेल आणि थांबल्याबरोबर सगळं ठीक होत असेल, तर त्रास स्वरयंत्राचा असू शकतो. रक्त कमी असलं तरी लवकर धाप लागते. छातीत दुखत असेल किंवा पळताना चक्कर येऊन पडायला होत असेल, तर हृदयाची तपासणी आधी. डॉक्टरांना सांगून नळीत फुंकायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्या. हे सांगायचं कारण म्हणजे भारतातल्या नऊ शहरांमधल्या एका मोठ्या अभ्यासात छातीत घरघर होणाऱ्यांपैकी ८२ टक्के लोकांना दम्याचं निदानच झालेलं नव्हतं. हा अभ्यास २०२२ मध्ये छापून आला.

२. सूज कमी करणारं औषध नियमित. बरेच जण त्रास झाला की फक्त आरामाचा पंप ओढतात, जो बहुतेकदा निळा असतो. त्यानं आवळलेले स्नायू सैल होतात, पण आतली सूज तशीच राहते. म्हणूनच दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून फक्त आरामाच्या पंपावर राहू नका असं सांगितलं आहे. सूज कमी करणारा पंप नीट चालू असेल तर व्यायामाचा त्रास बऱ्याच जणांमध्ये आपोआप कमी होतो. आठवड्यातून अनेकदा आरामाचा पंप लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही असं समजा आणि डॉक्टरांकडे जा.

३. पळण्याआधीचा पंप. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर व्यायामाच्या साधारण १० ते १५ मिनिटं आधी पंप घेतात. कोणता आणि किती, हे त्यांनीच ठरवायचं. मित्राचा पंप ओढून बघू नका.

४. वॉर्म-अप. दमा असलेल्यांसाठी हे औषधाइतकंच कामाचं आहे. १० ते १५ मिनिटं हळू पळा आणि मध्ये-मध्ये २०-३० सेकंदांच्या जोरदार धावा घ्या. साधारण निम्म्या लोकांमध्ये असं केल्यावर पुढचे एक ते तीन तास श्वासनलिका कमी आवळतात. म्हणजे थोडा त्रास आधी घेऊन मोठा त्रास टाळायचा. भरतीच्या दिवशीही रांगेत नुसतं उभं राहू नका, आधी अंग गरम करा.

५. एकदम थांबू नका. शर्यत संपली की पाच-दहा मिनिटं चालत राहा. सर्दी, ताप, खोकला असेल त्या दिवशी जोराचा व्यायाम नको.

कधी थांबायचं?

बोलताना एक वाक्य पूर्ण होत नसेल, पंप घेऊनही आराम पडत नसेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील, तर वाट बघत बसू नका. माणसाला ताठ बसवा, आडवं करू नका. डॉक्टरांनी सांगितलेला पंप द्या आणि १०८ वर फोन करा. ज्याला दमा आहे त्यानं पंप घरी नाही, खिशात ठेवायचा. सोबत पळणाऱ्या एकाला तरी आपल्या दम्याबद्दल सांगून ठेवायचं.

पण पंप घेणारा खेळाडू होऊ शकतो का?

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंपैकी ६७ जणांना व्यायामानं श्वासनलिका आवळण्याचा त्रास होता. त्या ६७ जणांनी मिळून ४१ पदकं जिंकली. ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’ हे गैरसमज आहेत. पंपातून औषध थेट नलिकांमध्ये जातं, त्यामुळे गोळीपेक्षा कितीतरी कमी मात्रेत काम होतं.

भरतीची तयारी करणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र स्वच्छपणे समजून घ्यावी. सैन्याच्या वैद्यकीय निकषांत दमा हे अपात्रतेचं कारण धरलं जातं. प्रत्येक भरतीचे निकष वेगळे असतात, म्हणून दोन-तीन वर्षं मैदानावर घालवण्याआधी ते वाचा आणि डॉक्टरांशी बोला. ‘नोंद नको’ म्हणून पंप बंद करून पळणं हा उपाय नाही. औषध बंद केल्यानं दमा जात नाही, तो फक्त पुढच्या १६०० मीटरची वाट बघतो.

आणि शाळेतले सर-मॅडम, आई-वडील हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एवढंच. पळून आल्यावर दर वेळी खोकणाऱ्या मुलाला ‘नाटक करतो’ म्हणू नका आणि ‘तू बसून राहा’ असंही सांगू नका. त्याला एकदा तपासून आणा. मग वॉर्म-अपला दहा मिनिटं जास्त द्या, पंप दप्तरात राहू द्या आणि खेळू द्या.